वेल्सच्या एकाही खासदाराची साथ नाही, तरी गाव पाण्याखाली. काय आहे कॅपेल केलिनची गोष्ट?

वेल्समध्ये भिंतींवर, कारच्या स्टिकरवर, टी-शर्टवर दोन शब्द हमखास दिसतात : ‘कोव्युख द्रवेरिन’. अर्थ, ‘त्रवेरिन विसरू नका’. त्रवेरिन ही उत्तर वेल्समधली नदी. तिच्या खोऱ्यात, बाला या गावाजवळ, कॅपेल केलिन होते. आज तिथे लिन केलिन हा जलाशय आहे.

गाव किती मोठे होते?

अगदी लहान. एक शाळा, एक पोस्ट, एक चॅपेल, दफनभूमी आणि डोंगरउतारावरची शेतघरे. ६७ जणांच्या वस्तीतल्या ४८ जणांची घरे गेली. आकडा छोटा वाटतो. पण १९६१च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे जेमतेम २६ टक्के उरले होते आणि या गावात घर, शाळा, प्रार्थना, भांडण सगळे वेल्शमध्येच चालत होते. माणसे दुसरीकडे वसवता येतात. अशी वस्ती कुठे वसवणार?

गाव बुडवण्याचा निर्णय कोणी घेतला?

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल महापालिकेने. शहराला आणि उद्योगांना पाणी हवे होते. महापालिकेने थेट ब्रिटिश संसदेत खासगी विधेयक नेले. खरी मेख इथेच आहे. संसदेने कायदा केला की वेल्समधल्या स्थानिक नियोजन यंत्रणेची परवानगी लागतच नाही. नोव्हेंबर १९५६मध्ये गावकऱ्यांनी मुलाबाळांसह लिव्हरपूलमध्ये मोर्चा काढला. उपयोग झाला नाही. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही बाजूने मत दिले नाही, तरी १९५७मध्ये कायदा झाला.

सप्टेंबर १९६३मध्ये चॅपेलमध्ये शेवटची प्रार्थना झाली. काही मृतदेह नातेवाइकांच्या इच्छेनुसार हलवले; बाकीचे तिथेच राहिले आणि दफनभूमीवर काँक्रीट टाकण्यात आले. ऑक्टोबर १९६५मध्ये धरणाचे उद्घाटन झाले, तेही निदर्शकांच्या घोषणांच्या गदारोळात.

पाणी लिव्हरपूलला जाते कसे?

इथे गंमत आहे. धरणापासून शहरापर्यंत पाइप नाहीच. पाणी त्रवेरिन नदीत सोडतात, ते डी नदीला मिळते आणि खाली चेस्टरजवळ उचलले जाते. म्हणजे नदीच जलवाहिनी. याच सोडलेल्या पाण्यावर आता राफ्टिंगही चालते.

पुढे काय झाले?

१९६६मध्ये प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे ग्विनव्हर इव्हान्स कारमार्थनमधून निवडून आले. पक्षाचे ते पहिले खासदार. त्रवेरिनच्या संतापाचा त्यात वाटा होता, असे मानले जाते. १९६७मध्ये वेल्श भाषा कायदा आला. लिव्हरपूलने माफी मागितली, पण २००५मध्ये. तब्बल ४० वर्षांनी!

‘कोव्युख द्रवेरिन’ लिहिलेली मूळ भिंत लानरिस्टिडजवळच्या रस्त्यालगत आहे. २०१९मध्ये कोणीतरी तिचा काही भाग पाडला. त्यानंतर वेल्सभर तशाच भिंती रंगवल्या गेल्या. बालाहून त्रॉसव्हिनिथकडे जाणारा रस्ता जलाशयाच्या उत्तर काठाने जातो. काठावर गावच्याच दगडांचे छोटे स्मारक-चॅपेल आहे. पावसाने फारच ओढ दिली, की पाणी उतरून जुन्या गावाच्या खुणा उघड्या पडतात.