महापालिकेची एफडी आणि मार्च २०२०चे ते तेरा दिवस

आजच्या एपिसोडमध्ये आकडे बरेच आहेत आणि ऐकताना आकडे कानातून निसटतात, म्हणून हा भाग नीट लिहून काढलाय. ट्रेनमध्ये उभं राहून वाचलात तरी समजेल.

आधी माझाच एक गाढवपणा सांगतो. बीटेक झालं, पहिली नोकरी लागली आणि पहिल्याच वर्षी टॅक्स वाचवायला मी जवळजवळ सगळी शिल्लक पाच वर्षांच्या टॅक्स सेव्हर एफडीत टाकली. व्याज बरं होतं, मी खूश. आठ महिन्यांनी बाबांचं ऑपरेशन निघालं. या एफडीचा नियम असा की पाच वर्षं पैसे काढताच येत नाहीत. ॲपवर रक्कम दिसत होती, व्याजही चढत होतं, पण हॉस्पिटलचं डिपॉझिट मी मामाकडून उसनं घेऊन भरलं. पैसे 'असणं' आणि पैसे 'हातात असणं' यातला फरक मला त्या दिवशी कळला.

आता हीच गोष्ट एका अख्ख्या शहराच्या बाबतीत झाली तर?

शहराकडे शिल्लक पैसा येतो कुठून?

आपण प्रॉपर्टी टॅक्स भरतो, पाणीपट्टी भरतो, बिल्डर परवानगीचे शुल्क भरतात, राज्य सरकारकडून जीएसटीची भरपाई येते. हा पैसा येतो त्याच दिवशी खर्च होत नाही. कर वर्षाच्या काही ठरावीक महिन्यांत जास्त जमा होतो, पण पगार दर महिन्याला द्यावे लागतात. पुलाचं टेंडर आज निघालं तरी ठेकेदाराची बिलं पुढची तीन वर्षं येत राहतात. शिवाय कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी, पेन्शन आणि ठेकेदारांची अनामत रक्कमही सांभाळायची असते.

मधल्या काळात हा पैसा कुठं ठेवायचा, हे पाहण्याची जबाबदारी मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्याच्या खात्याची. शेअर बाजारात उड्या मारायची मुभा त्यांना नसते. मुख्यतः बँकेतल्या मुदत ठेवी आणि सरकारी रोखे. ऐकायला सोपं वाटतं ना? बँकांकडून व्याजदर मागवायचे, ज्याचा जास्त त्याला पैसे द्यायचे. मेख इथंच आहे.

पिंपरी-चिंचवडचे ९८० कोटी

५ मार्च २०२०. गुरुवारची संध्याकाळ. रिझर्व्ह बँकेनं येस बँकेवर निर्बंध घातले: एका खातेदाराला ५० हजार रुपयांपर्यंतच पैसे काढता येतील, ३ एप्रिलपर्यंत. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, त्या बँकेवर चालणारी यूपीआय ॲप्सही गडबडली होती.

दुसऱ्या दिवशी बातमी आली की पिंपरी-चिंचवड महापालिकेचे सुमारे ९८० कोटी रुपये त्या बँकेत आहेत. नाशिक महापालिकेचेही तीनशे कोटींच्या वर होते. आपल्या ठेवींना प्रत्येक बँकेमागं ५ लाखांपर्यंत विमा असतो, त्याच फेब्रुवारीत ती मर्यादा १ लाखावरून वाढली होती. पण ९८० कोटींपुढं ५ लाख म्हणजे समुद्रात चमचाभर पाणी.

स्टेट बँकेनं आणि इतर बँकांनी मिळून भांडवल घातलं आणि १८ मार्चला निर्बंध उठले. तेरा दिवसांत विषय मिटला. पैसे बुडाले नाहीत.

पण कॅलेंडर बघा. राज्यातले पहिले कोरोना रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले. २५ मार्चला देशभर लॉकडाऊन लागला. म्हणजे निर्बंध ठरलेल्या तारखेपर्यंत टिकले असते, तर हॉस्पिटलची खरेदी आणि सफाई कामगारांचे पगार अशा सगळ्याची घाई असताना शहराचे जवळपास हजार कोटी कुलपात राहिले असते. माझ्या एफडीसारखेच. स्क्रीनवर दिसणारे, पण हातात नसलेले.

मग एवढा पैसा एका ठिकाणी का ठेवला जातो? या प्रकरणात कुणाच्या मनात काय होतं यात मी पडत नाही, पण मोह कसा असतो त्याचं गणित करू. ९८० कोटींवर अर्धा टक्का जास्त व्याज म्हणजे वर्षाला ४ कोटी ९० लाख. फाइलवर हे फार छान दिसतं. जोखीम मात्र फाइलवर दिसत नाही. एखादी बँक बाकीच्यांपेक्षा जास्त व्याज देते, तेव्हा बऱ्याचदा तिला पैशाची गरज जास्त असते. तो अर्धा टक्का ही त्या जोखमीची किंमत असते.

त्याच महिन्यात राज्य सरकारनं आपल्या विभागांना आणि महामंडळांना खाती राष्ट्रीयीकृत बँकांत ठेवायला सांगितलं.

बँक मजबूत असली की झालं?

नाही. याचं उत्तर कॅलिफोर्नियात मिळतं. ऑरेंज काउंटी हा तिथला श्रीमंत भाग, डिस्नेलँड आहे तोच. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. तिथले खजिनदार रॉबर्ट सिट्रॉन काउंटीचा, आतल्या शहरांचा, शाळांचा आणि पाणीपुरवठा मंडळांचा पैसा एकत्र करून गुंतवायचे. जवळपास १९० संस्था आणि साडेसात अब्ज डॉलर. वर्षानुवर्षं त्यांनी इतरांपेक्षा जास्त परतावा दिला, त्यामुळं प्रश्न विचारायची गरज फारशी कुणाला वाटली नाही.

परतावा येत होता उधारीतून. हातातले रोखे गहाण ठेवून थोड्या मुदतीचं कर्ज काढायचं, त्यातून जास्त मुदतीचे रोखे घ्यायचे. असं करत साडेसात अब्जांचे सुमारे वीस अब्ज झाले. व्याजदर खाली असेपर्यंत हे चाललं.

इथं एक गोष्ट समजून घ्या. तुमच्याकडे १०० रुपयांचा रोखा आहे, वर्षाला ५ रुपये देणारा. उद्या बाजारात ७ रुपये देणारे नवे रोखे आले, तर तुमचा जुना रोखा १००ला कोण घेईल? त्याची किंमत उतरते. मुदत संपेपर्यंत थांबलात तर तुमचे १०० परत मिळतात. मध्येच विकावा लागला तर तोटा.

१९९४ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं व्याजदर ३ टक्क्यांवरून साडेपाचवर नेला. रोख्यांचे भाव पडले, कर्ज देणारे पैसे मागायला लागले आणि थांबायला वेळच उरला नाही. ६ डिसेंबर १९९४ला ऑरेंज काउंटीनं दिवाळखोरी जाहीर केली. तोटा १.६ अब्ज डॉलरच्या वर. हे रोखे बरेचसे सरकारी संस्थांशी संबंधित आणि भरवशाचे होते! घात झाला तो उधारी आणि वेळ यांच्यामुळं. सगळ्यात चटका लावणारी गोष्ट म्हणजे त्याच वर्षीच्या निवडणुकीत जॉन मूरलॅक नावाच्या अकाउंटंटनं सिट्रॉन यांच्याविरुद्ध उभं राहून नेमका हाच धोका सांगितला होता. सिट्रॉन जिंकले.

मग नियम काय?

हा पैसा सांभाळणारे जाणकार तीन गोष्टी याच क्रमानं बघतात: आधी सुरक्षितता, मग वेळेवर हातात येणं, आणि शेवटी परतावा. क्रम उलटा केला की गडबड सुरू.

व्यवहारात हे दोन सवयींनी जमतं. पहिली, वाटून ठेवणं. आम्ही सर्व्हर लावताना सगळा भार एकाच मशीनवर टाकत नाही, ते बंद पडलं तर सगळंच बसतं. बँकांचंही तसंच, प्रत्येक बँकेसाठी कमाल मर्यादा हवी. दुसरी सवय म्हणजे ठेवींची शिडी. १२० कोटी एकाच एफडीत टाकण्यापेक्षा दहा-दहा कोटींच्या बारा ठेवी करायच्या, दर महिन्याला एक मोकळी होईल अशा. गरज लागली तर वापरा, नाहीतर पुन्हा वर्षभरासाठी ठेवा. व्याज थोडं कमी मिळेल, पण झोप लागेल.

आणि मुंबईचं काय?

हा प्रश्न येणारच. मुंबई महापालिकेच्या ठेवी २०२२ मध्ये ९० हजार कोटींच्या वर होत्या. 'एवढे पैसे आहेत तर खड्डे का?' हा राग रास्त आहे. पण हा सगळा पैसा मोकळा नाही. त्यात पेन्शन, भविष्यनिर्वाह निधी आणि अनामत रकमा आहेत. ते दुसऱ्यांचे पैसे. उरलेला बराच भाग मोठ्या प्रकल्पांसाठी राखलेला, आणि कामं वाढली तशा ठेवी नंतर कमीही झाल्या. त्यामुळं ठेवी वाढल्या म्हणून टाळ्या वाजवू नका आणि कमी झाल्या म्हणून लगेच बोंबही मारू नका. आधी विचारा, हा पैसा कशासाठी राखलाय आणि कधी लागणार आहे. काम रखडून त्याचा खर्च वाढत असेल, तर ठेवीवरचं व्याज मोजून उपयोग नाही.

तुमचा होमवर्क

तुमच्या महापालिकेच्या वेबसाइटवर बजेटची पीडीएफ असते. ती उघडा आणि उत्पन्नाच्या बाजूला गुंतवणुकीवरच्या व्याजाची ओळ शोधा. मग १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून तीन गोष्टी विचारा. ठेवी कोणकोणत्या बँकांत किती आहेत? कोणत्या महिन्यात किती रक्कम मोकळी होते? एका बँकेत जास्तीत जास्त किती ठेवायचं याचा लेखी नियम आहे का?

व्याजदर विचारला नाहीत तरी चालेल. तो ते स्वतःहून सांगतील.

उत्तर आलं की मला नक्की पाठवा, त्यावर वेगळा एपिसोड करू. आणि हो, बाबा आता ठणठणीत आहेत. मामाचे पैसे मात्र मी पाच हप्त्यांत फेडले. भेटू पुढच्या भागात!