शिकाऊ की कामगार?

ऑगस्ट २०११. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या पामिरा गावात हर्शी चॉकलेटच्या गोदामातून परदेशी विद्यार्थी काम सोडून बाहेर पडले. 'सांस्कृतिक देवाणघेवाण' म्हणून दिलेल्या व्हिसावर ते आले होते. वाट्याला आली रात्रपाळी आणि जड खोकी. घरभाडं पगारातूनच कापलं जाई. पुढे तिथल्या कामगार खात्याने एक हजाराहून जास्त विद्यार्थ्यांची थकबाकी द्यायला लावली.

हे वाचताना पुण्याजवळच्या भोर-वेल्ह्यातली मुलं डोळ्यांपुढे येतात. सकाळी कापूरहोळ फाट्यावर डबा घेऊन ती शिरवळ, खेड शिवापूरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभी असतात. गळ्यातल्या ओळखपत्रावर 'ट्रेनी' असतं.

हा एक शब्द फार महाग पडतो. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ च्या कलम १८ नुसार उमेदवार 'कामगार' नसतो. म्हणून किमान वेतन नाही, विद्यावेतन. २०१९ च्या नियमांत ते शिक्षणानुसार दरमहा किमान ५ ते ९ हजार रुपये ठरलं. पण याच कायद्यात मुलांच्या बाजूच्या गोष्टीही आहेत, आणि त्या त्यांना कुणी सांगत नाही: सरकारी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही, आणि प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताचं असल्याशिवाय ती मंजुरी देता येत नाही. प्रशिक्षणादरम्यान इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची.

मात्र शिकाऊ उमेदवारीचा करारच झाला नसेल, तर तो मुलगा या कायद्याने शिकाऊ ठरतच नाही. कराराची प्रत पहिल्याच दिवशी मागून घ्यावी.