मीटर १२ व्होल्ट दाखवतो, तरी सीट ढिम्म!

पोशीरच्या पावसात गाडीच्या गालिच्याखाली ओल राहिली, की पॉवर सीटच्या कनेक्टरवर हिरवा गंज चढतो. फ्यूज शाबूत, कनेक्टर काढून मोजलं तर १२ व्होल्ट. म्हणजे मोटर जळाली? थांबा. मल्टिमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे गंजलेला जोडही त्याला ठणठणीत वाटतो.

समजा जोडाचा रोध ३ ओहम, थांबलेल्या मोटरचा १. करंट ३ अँपिअर; ९ व्होल्ट जोडच खातो, मोटरला उरतात ३.

म्हणून कनेक्टर जोडलेला ठेवा, बटण दाबून धरा आणि मगच मोजा. (पिवळ्या कनेक्टरला हात नको, तो सहसा एअरबॅगचा असतो.) मोटरची अर्थ बाजू आणि बॅटरीचा मायनस यांच्यात ९ व्होल्ट सापडले, तर दोष त्याच वाटेत आहे.