नदीकाठी चालायला जाताय? मधुमेह, हृदयविकार आणि गुडघेदुखी असणाऱ्यांनी घ्यायची काळजी

‘रोज चाला’ हा सल्ला बहुतेक रुग्णांना मिळतो. पण कुठे चालायचे, किती चालायचे आणि कधी थांबायचे, हे सहसा कोणी नीट सांगत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील लोकांना एक मोठी सोय आहे, ती म्हणजे कृष्णाकाठ. वाई, मेणवली, माहुली, कऱ्हाड, औदुंबर, सांगली, हरिपूर या गावांत लोक पिढ्यान्‌पिढ्या सकाळ-संध्याकाळ नदीवर जात आले आहेत. सावली, मोकळी हवा आणि सोबतीला ओळखीची माणसे असली की चालण्याचा कंटाळा येत नाही आणि सवय टिकते.

मात्र नदीकाठचे काही धोकेही आहेत. त्यांतले बरेचसे चालताना होत नाहीत, तर काठावरून पाण्याकडे उतरताना होतात. म्हणून एक साधा नियम लक्षात ठेवा: तुमची वाट नदीला समांतर असावी, नदीत उतरणारी नसावी.

चालण्याने नेमके काय होते?

चालताना मांड्या आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू रक्तातील साखर वापरतात. म्हणून जेवणानंतर १०–१५ मिनिटे सावकाश चालले तरी जेवणानंतर वाढणारी साखर आटोक्यात राहण्यास मदत होते. नियमित चालण्याने रक्तदाब थोडा उतरतो, हृदयाची ताकद वाढते आणि झोप सुधारते.

‘चालून गुडघे आणखी झिजतील’ अशी भीती अनेकांना वाटते. सपाट जागेवर बेताने चालल्याने मांडीचे स्नायू बळकट होतात आणि गुडघ्याला आधार मिळतो. गुडघ्यावर खरा ताण येतो तो पायऱ्या उतरताना.

किती आणि कोणत्या वेगाने चालावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. म्हणजे आठवड्यातून ५ दिवस, रोज ३० मिनिटे. पण पहिल्याच दिवशी एवढे चालू नका.

- पहिला आठवडा: सकाळी १० आणि संध्याकाळी १० मिनिटे.
- त्यानंतर दर आठवड्याला प्रत्येक वेळी ५ मिनिटे वाढवा.
- वेग ओळखण्याची सोपी खूण: चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणताना दम लागला पाहिजे. बोलतानाच धाप लागत असेल तर वेग कमी करा.
- ठरवलेल्या वेळेपैकी निम्मा वेळ झाला की मागे फिरा. परतीचे अंतरही तुम्हालाच चालायचे आहे.

बीपी किंवा हृदयविकाराच्या काही गोळ्यांमुळे नाडीचा वेग वाढत नाही. अशा रुग्णांनी घड्याळातील नाडीच्या आकड्यापेक्षा बोलण्याच्या खुणेवर भरवसा ठेवावा. हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाला असेल तर कधी आणि किती चालायचे हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

कोणती जागा कोणासाठी?

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. त्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आणि बाग आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी बागेतच फेऱ्या माराव्यात. थकवा आला तर बसता येते आणि आजूबाजूला माणसे असतात. खाली वाळूत चालण्याचा मोह टाळा. मऊ वाळूत पाय रुततो, पोटरी आणि घोट्यावर ताण येतो, तोल जातो.

वाईहून मेणवली सुमारे ३ किलोमीटर आहे. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा घाट पाहण्यासाठी अनेकजण चालत जातात. पण जाऊन-येऊन ६ किलोमीटर, म्हणजे सुमारे दीड तास होतो. रोज ३० मिनिटे विनात्रास चालण्याची सवय झाल्यावरच हा बेत करा, किंवा जाताना चाला आणि येताना वाहनाने या. हा वाहतुकीचा रस्ता आहे; समोरून येणारी वाहने दिसतील अशा बेताने उजव्या कडेने चाला.

सांगलीकरांना कृष्णा-वारणा संगमावरचे हरिपूर जवळ आहे. साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णा संगमावर माहुली आहे. दोन्ही ठिकाणी देवळापर्यंत वाहन जाते. त्यामुळे पूर्ण अंतर चालण्याऐवजी वाहन थोडे अलीकडे थांबवून झेपेल तेवढेच चालता येते.

मधुमेह असेल तर पायांकडे विशेष लक्ष द्या

बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांच्या पायांच्या नसा कमजोर होतात आणि तळवे बधिर होतात. घाटाचा काळा दगड उन्हात चांगलाच तापतो. निरोगी माणूस चटका बसताच पाय उचलतो. बधिर पायाला चटका कळतच नाही. घरी आल्यावर तळव्याला फोड दिसतो, तोही कदाचित दुसऱ्या दिवशी. रक्तपुरवठा कमी असेल तर ती जखम भरत नाही, जंतुसंसर्ग खोल जातो आणि काही वेळा बोट किंवा पाय काढावा लागतो. अनवाणी दर्शनाची एक फेरी एवढी महाग पडू शकते.

- चालताना पुढून बंद, मऊ तळाचे बूट आणि सुती मोजे घाला. बूट घालण्यापूर्वी आत खडा किंवा काटा नाही ना, हे हाताने तपासा.
- देवळात चपला काढाव्या लागतात. तेव्हा मोजे घालून जा आणि ऊन चढण्यापूर्वी दर्शन घ्या. ओल्या फरशीवर मोजे घसरतात, तिथे कोणाचा तरी हात धरा.
- घरी आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर आरसा वापरा किंवा घरच्यांना पाहायला सांगा.
- वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्या. नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून होणारी ही तपासणी काही मिनिटांची आणि बिनदुखाची असते.

दुसरा धोका साखर एकदम उतरण्याचा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशीपोटी चालू नका. संकष्टीचा उपवास धरून वाईच्या किंवा सांगलीच्या गणपतीला चालत जाणाऱ्यांनी औषधाचा डोस आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारावा. थरथर, घाम, धडधड किंवा गोंधळल्यासारखे वाटले की लगेच बसा आणि ३ चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या. १५ मिनिटांत बरे वाटले नाही किंवा साखर ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढेच घ्या. उपवास असला तरी साखर घ्याच. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालयात न्या.

गुडघे दुखत असतील तर

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. पायऱ्या टाळता येत नसतील तर चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी टाका. चालल्यानंतर थोडे दुखणे चालेल. दुसऱ्या दिवशीही वेदना वाढलेली असेल किंवा गुडघा सुजला असेल, तर पुढच्या वेळी अंतर निम्मे करा.

पाणी, पूर आणि प्राणी

पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. वयस्कर माणूस तिथे घसरला तर खुब्याचे हाड मोडू शकते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. पाणी वाढत असताना ‘पूर पाहायला’ जाऊ नका. त्या दिवसांत घरातच किंवा गच्चीवर फेऱ्या मारा.

पूर ओसरल्यावरही चिखलातून चालू नका. उंदीर आणि जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या लहानशा जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात जाऊ शकतात. अशा पाण्याशी संपर्क आल्यानंतर महिनाभरात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे, कावीळ किंवा लघवी कमी होणे अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना पाण्यात गेल्याचे आवर्जून सांगा.

भिलवडी, आमणापूर, औदुंबर या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. पाण्याच्या अगदी काठाशी बसणे, हातपाय धुणे टाळा. उसातून जाणाऱ्या पाणंदीने अंधारात जाऊ नका. जावेच लागले तर बॅटरी आणि बूट हवेत. साप चावला तर आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. पाय स्थिर ठेवून रुग्णाला झोपवून लगेच जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या.

ताबडतोब थांबा आणि १०८ ला फोन करा, जर

- छातीत दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखे वाटले, किंवा वेदना हात, जबडा वा पाठीकडे गेली
- नेहमीपेक्षा जास्त धाप लागली आणि बसूनही कमी झाली नाही
- चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा दरदरून घाम आला
- तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळले

छातीत दुखताना जिभेखाली ठेवण्याची गोळी डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर ती बसूनच घ्या. ‘गॅस असेल’ म्हणून चालत घरी येऊ नका.

घरच्यांसाठी

सुरुवातीचे काही दिवस रुग्णासोबत चाला. खिशात चार्ज केलेला मोबाइल, साखरेची पुडी, पाण्याची लहान बाटली आणि औषधांची यादी लिहिलेला कागद असू द्या. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यात सकाळी ८ च्या आत परत या. पाणी किती प्यायचे यावर डॉक्टरांनी मर्यादा घातली असेल तर ती पाळा.

घाटाच्या खालच्या पायरीवर जाण्याचा रुग्णाचा हट्ट असेल, तर त्याला वरच्या पायरीवर बसवा आणि तांब्याभर पाणी तुम्ही आणून द्या. नदी तिथूनही दिसते.