ताटातली मेथी, पोटातलं काळीज

गर्भ राहून जेमतेम तीन आठवडे झालेले असतात. दिवस गेलेत की नाही, याची आईलाही अजून खात्री नसते. आणि तिकडे दोन-तीन मिलिमीटरच्या जिवाचं हृदय धडधडायला लागलेलं असतं!

त्याला लागणारा माल येतो आईकडून. आता वडगाव मावळच्या आसपास आषाढात भातलावणीला वाकलेली गर्भार सून डोळ्यांपुढे आणा. दोन वेळा भात-आमटी पोटभर मिळते. मग पुरे ना?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुणे जिल्ह्यातल्याच सहा गावांत याच प्रश्नाच्या मागे लागले. गरोदरपणाआधी तिथल्या बायकांचं सरासरी वजन होतं सुमारे 42 किलो, बाळांचं 2.7. इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधलं बाळ 3.5 किलोचं. गंमत पुढेच आहे. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. त्वचेखालची चरबी मात्र जवळपास शाबूत! हडकुळं दिसणारं बाळ आतून चरबीदार.

असं का व्हावं? तंगीच्या दिवसांत घरातली कर्ती बाई आधी कोणाला वाढायचं ते ठरवते ना, तसंच गर्भाचं. मेंदूला पहिला वाटा. मूत्रपिंडाला उरलंसुरलं. मूत्रपिंडातल्या गाळण्या तर जन्माआधीच बनून संपतात, पुढे जन्मभर एकही नवी नाही! त्या कमी पडल्या की रक्तदाब वाढायचा धोका, आणि तो भार अखेर हृदयावर.

आता खरा धक्का. आई किती उष्मांक, किती प्रथिनं खाते याचा बाळाच्या आकाराशी फारसा मेळ बसेना. मेळ बसला पालेभाज्या, फळं आणि दुधाशी. म्हणजे मेथी, शेपू, कपभर दूध! सासरी ‘पोटभर जेव’ म्हणतात ते मायेचंच, पण अपुरं. आणि कष्टही मोजले गेले: शेतातली, पाणी वाहण्याची कामं जास्त, तिथे बाळं लहान.

त्यातही एक धागा फार बारीक निघाला. निम्म्याहून अधिक आयांमध्ये बी-12 कमी होतं. हे जीवनसत्त्व दुधात, अंड्यांत, मांसात असतं, भाजीत नाही. बी-12 कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व भरपूर, अशा आयांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. हीच पुढे मधुमेहाची, हृदयविकाराची वाट.

मग 2012 मध्ये त्याच अभ्यासात जन्मलेल्या, तोवर वयात आलेल्या मुलामुलींना बी-12 द्यायला सुरुवात झाली. रोज अवघे दोन मायक्रोग्रॅम, तेही त्यांची स्वतःची मुलं पोटात येण्याच्या कितीतरी आधी.