संशोधनाचा पैसा, भाग ६ : एक गाव, चार अर्ज

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की उरुळी कांचन मागे पडतं आणि यवत यायच्या आधी कासुर्डी येतं. दौंड तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना ओळखीचं आहे ते टोलनाक्यामुळे. मागच्या भागांत आपण दिल्लीतल्या तिजोऱ्या पाहिल्या. कुठल्या खात्याचा पैसा कुठल्या परिषदेकडून येतो, तेही पाहिलं. आज दुसऱ्या टोकाला, कासुर्डीत, उभं राहू आणि इथल्या प्रश्नांसाठी प्राध्यापकाला पैसा मिळतो का, मिळाला तर कुठून, ते बघू.

समजा, पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतले तीन आणि कृषी महाविद्यालयातला एक, अशा चार प्राध्यापकांना याच गावावर काम करायचं आहे. रसायनशास्त्राच्या सरांना विहिरींचं पाणी तपासायचंय. पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा पूर्वेकडे येते आणि रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. या सगळ्या पट्ट्यात नदीचं, कालव्याचं आणि विहिरीचं पाणी उसाखाली एकमेकांत मिसळतं, तेव्हा विहिरींत नायट्रेट किती उतरलं, हा त्यांचा प्रश्न. कृषीच्या बाईंना उसाखालच्या जमिनी किती खारावल्या ते मोजायचंय. समाजशास्त्राच्या बाईंना महामार्ग रुंद झाल्यावर जमीन विकलेल्या घरांचं पुढे काय झालं, ते घरोघर जाऊन विचारायचंय. आणि मराठीच्या सरांना म्हाताऱ्या बायकांच्या तोंडच्या ओव्या उतरून घ्यायच्या आहेत, त्या बायका आहेत तोवर.

गाव एकच, पण खिडक्या चार. रसायनशास्त्राने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे जायचं. कायदा २०२३चा, अंमल फेब्रुवारी २०२४पासून. त्याआधी हे काम ‘सर्ब’, म्हणजे सायन्स अँड इंजिनिअरिंग रिसर्च बोर्ड, करत असे. कृषीच्या बाईंचं महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली येतं आणि तिथला मुख्य आधार भारतीय कृषी संशोधन परिषद. समाजशास्त्राला १९६९ साली स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आहे. तिचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक, म्हणजे सामाजिक शास्त्रांच्या पैशाची घडी घालणारे दोघेही आपल्याकडचे. मराठीच्या सरांचं मात्र अवघड आहे. त्यांना विद्यापीठाचीच एखादी छोटी योजना, नाहीतर साहित्य संस्कृती मंडळ. मंडळाचं अनुदान पुस्तक छापायला मिळेल, पण ओव्या गोळा करत गावोगाव फिरायचा खर्च कोण देणार? हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, ते काम पुण्यातूनच झालं, पण विद्यापीठाच्या बाहेर राहून.

महाविद्यालयीन शिक्षकाला सर्वांत ओळखीची होती ती विद्यापीठ अनुदान आयोगाची लघु आणि बृहत् प्रकल्प योजना. बाराव्या पंचवार्षिक योजनेत बृहत् प्रकल्पाला विज्ञानासाठी २० लाखांपर्यंत आणि मानव्य विद्यांसाठी १५ लाखांपर्यंत मिळत. लघु प्रकल्पाला अनुक्रमे ५ आणि ३ लाख. योजनेचा काळ संपला आणि ती आटली. खरं सांगायचं तर तिच्यात पाचोळाही पुष्कळ होता. २०१०च्या नियमांनी प्रकल्पाला बढतीचे गुण जोडल्यावर काही महाविद्यालयांत लघु प्रकल्पांचं पीक आलं. अहवाल बांधून झाले, कपाटात गेले. तरी ज्याला खरंच काही शोधायचं होतं त्याला तालुक्याच्या गावी बसून तीन लाख मिळू शकत होते, ही गोष्ट लहान नव्हती.

आता आपल्या रसायनशास्त्राच्या सरांचा प्रकल्प मंजूर झाला असं धरू. मुदत तीन वर्षं. भूजलाच्या कामात उन्हाळ्याच्या शेवटचं आणि पावसाळ्यानंतरचं, अशी दोन मोजमापं तरी लागतातच. मंजुरीपत्र जानेवारीत आलं. पहिला हप्ता मार्चच्या अखेरीस खात्यावर पडला. उपकरणं सरकारी खरेदीच्या ‘जेम’ पोर्टलवरून घ्यायची, म्हणजे खरेदी समिती, मग तांत्रिक तुलना, मग पुन्हा एक सही. यंत्र जुलैत येतं आणि पहिला मे हातचा गेलेला असतो. संशोधन सहायकाची जाहिरात द्यायची, मुलाखती घ्यायच्या. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २०२३पासून महिना ३७,००० झाली, रक्कम वाईट नाही. पण पोरगं हुशार असेल तर सहा-आठ महिन्यांत त्याचा एमपीएससीचा निकाल लागतो आणि तो पेढे घेऊनच भेटायला येतो. पुन्हा जाहिरात. दुसरा हप्ता मागायचा तर पहिल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र हवं. त्याला विद्यापीठातही आणि महाविद्यालयातही सगळे ‘यूसी’च म्हणतात. यूसीवर लेखापालाची सही, प्राचार्यांची सही, सनदी लेखापालाचा शिक्का. एका शीर्षाखाली उरलेले पैसे दुसऱ्या शीर्षाखाली वळवायचे तर आधी परवानगी. प्रवासखर्च संपला आणि रसायनांचे पैसे शिल्लक आहेत, अशी वेळ आली की सर बाटल्या घेऊन स्वतःच्या मोटारसायकलवर कासुर्डीला जातात.

हिशेब केला तर तीन वर्षांच्या प्रकल्पात मे महिने मिळाले दोनच. ज्या मुलखात एका वर्षी पाऊस पाठ फिरवतो आणि पुढच्या वर्षी वाहून नेतो, तिथे दोन उन्हाळ्यांवरून विहिरींच्या पाण्याबद्दल कुठलाही शहाणा माणूस ठामपणे बोलणार नाही. निबंध छापून येईल. कासुर्डीच्या शेतकऱ्याला सांगण्यासारखं हाती काही येईलच असं नाही.

माझा मुद्दा इथे आहे. आपण नेहमी अनुदान केवढं ते विचारतो, किती वर्षांचं ते विचारत नाही. याच पुण्याच्या आसपासची जुनी कामं काढून बघा.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली पिंपळे सौदागरची पाहणी मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र मालेत प्रसिद्ध केली. १५६ खातेदारांच्या जमिनीचे सातशेवर तुकडे, त्यातले ४६३ एकराच्या आतले. शेतजमिनीच्या तुकडेबंदीवर बोलताना हे आकडे पुढे वर्षानुवर्षं दिले गेले. १९२१ साली त्यांनी आणि ना. वि. कानिटकर यांनी दुसरं गाव घेतलं, ते शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक, कोरडवाहू. घरोघरचा जमाखर्च मांडून पाहिला. पावसाच्या भरवशावरचं शेत कुटुंबाला पुरत नाही, हे त्यातून लख्ख दिसलं. पुढे काय करायचं, हा प्रश्न मात्र त्या पुस्तकाने सुटणार नव्हता.

त्यासाठी जमिनीतली ओल मोजायला हवी होती. १९२३ साली याच सोलापूर रस्त्यावर, हडपसरच्या पुढे मांजरीला, ताम्हणे यांनी छोट्या शेतावर कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू केले आणि कानिटकरांनी ते वाढवले. मग शाही कृषी आयोगाच्या शिफारशीवरून १९२९ साली कृषी संशोधन परिषद निघाली आणि तिच्या पैशावर १९३३ साली सोलापूर आणि विजापूरला कोरडवाहू संशोधनाची केंद्रं उभी राहिली. तिथलं काम दहा वर्षं चाललं. किती पाऊस पडला, किती वाहून गेला, मातीत किती मुरला, बांध घातला तर काय फरक पडला, पाभरीच्या दोन ओळींत अंतर वाढवलं आणि बियाणं कमी टाकलं तर ज्वारीने काय केलं, हे सगळं चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही सालांत मोजलं गेलं. कानिटकरांचा ग्रंथ आला १९४४ साली. समतल बांध, खोल नांगरट, विरळ पेरा ही नंतर ‘मुंबई पद्धत’ म्हणून ओळखली गेलेली शेती त्या दशकातून आली. तीनच वर्षं मिळाली असती आणि त्यातली दोन सुकाळाची निघाली असती, तर बांधांचं महत्त्व कुणाला पटलं असतं?

दुसरं उदाहरण घोड नदीच्या काठचं. इनामगाव, तालुका शिरूर. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे बारा हंगाम खोदकाम केलं. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं, पण त्यांच्यासोबत जळके दाणे ओळखणारे होते, जनावरांची हाडं वाचणारे होते आणि माणसांच्या सांगाड्यांवर काम करणारेही. आज ज्याला मोठ्या थाटात आंतरविद्याशाखीय म्हणतात, ते तिथे एकाच मांडवाखाली चाललं होतं. चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेला एक पुरुष सापडला, तो गावाचा प्रमुख असावा असं उत्खननकारांचं मत. आधीच्या थरांत मोठी चौकोनी घरं, इसवी सनापूर्वी १०००च्या पुढच्या थरांत लहान गोल झोपड्या. हवामान कोरडं होत गेलं आणि गाव गरीब झालं, असा निष्कर्ष ढवळीकरांनी काढला. तो मांडण्यासाठी सव्वाशेच्या वर घरं उघडी पडावी लागली. मुख्य अहवाल १९८८ साली निघाला, खोदकाम थांबल्यावर पाच वर्षांनी. आजच्या यूसीच्या भाषेत तो पाच वर्षं ‘प्रलंबित’ होता.

दीर्घ मुदत म्हणजे चांगलं काम, असंही समीकरण नाही. डेक्कन कॉलेजचाच संस्कृत कोश १९४८ साली सुरू झाला, पहिला भाग यायला १९७६ उजाडलं आणि तीसहून अधिक खंड झाल्यावरही स्वारी ‘अ’ मध्येच आहे. सरकारी पैसा पुरवणाऱ्याला याचा घाम फुटला तर त्याला दोष देता येत नाही. पण भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पुरी झाली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी तिच्यासाठी लाख रुपये द्यायचं कबूल केलं, तेव्हा तीन वर्षांत अहवाल द्या असं म्हटलं असतं तर आदिपर्वही निघालं नसतं.

नव्या फाउंडेशनकडे परत येऊ. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये, असा आकडा जाहीर झाला. त्यातले सरकारचे १४,००० कोटी. उरलेले ३६,००० कोटी उद्योग, देणगीदार आणि इतर बिगरसरकारी वाटांनी यावेत, अशी अपेक्षा. औषध कंपनीचा किंवा मोटार कंपनीचा पैसा कुठल्या प्रश्नांकडे जाईल, ते सांगायला ज्योतिषी नको. कासुर्डीच्या ओव्यांकडे तर नक्कीच नाही. दुसरी गोष्ट, सर्बच्या काळात सुमारे ६५ टक्के पैसा आयआयटींकडे गेला आणि राज्य विद्यापीठांच्या वाट्याला ११ टक्के आला, हे कायदा येत असताना अधिकाऱ्यांनीच सांगितलं होतं. राज्य विद्यापीठांसाठी सर्बने ‘शुअर’ नावाची वेगळी योजनाही काढली होती, तीन वर्षांत ३० लाखांपर्यंत. रक्कम पुरेशी. मुदत तीच.

आणि अर्ज करणार कोण? प्रमुख संशोधक व्हायला कायम नोकरी लागते. महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांत विभागात एक कायम शिक्षक असतो आणि बाकीचे तासिका तत्त्वावर, दर वर्षी नव्याने नेमले जाणारे. ज्या बाई दहा वर्षं तासिका घेताहेत, आजूबाजूच्या गावांत ज्यांची ओळख आहे, ज्यांना बायका घरात घेऊन चहा देतात, त्यांच्या नावावर अर्जच जात नाही. तो विभागप्रमुखांच्या नावावर जातो आणि बाई प्रकल्पातल्या ‘क्षेत्रीय अन्वेषक’ होतात, रोजावर. पुढच्या रविवारी या रोजाबद्दल, म्हणजे अर्जातल्या मनुष्यबळ या शीर्षाबद्दल.