वापरलेल्या आण्विक इंधनाची पुनर्प्रक्रिया आणि अमेरिकेतील परवाना-सुलभीकरणाचे विधेयक

प्रस्तावना :

अमेरिकेतील अणुवीज केंद्रांच्या आवारात सुमारे ९०,००० टन वापरलेले इंधन साठून आहे. १९८२ च्या आण्विक कचरा धोरण कायद्यानुसार केंद्र शासनाने हे इंधन १९९८ पासून ताब्यात घेणे बंधनकारक होते. त्यासाठी नेवाडा राज्यातील युक्का पर्वत हे स्थळ १९८७ मध्ये ठरले. मात्र २०१० पासून त्या प्रकल्पाचा निधी आटला व भूगर्भातील भांडार कधी उभेच राहिले नाही. या पार्श्वभूमीवर २०२५ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे टेड क्रूझ व डेमोक्रॅटिक पक्षाचे मार्टिन हाइनरिक या सिनेटरांनी ‘न्यूक्लिअर रिफ्यूएल’ या नावाचे विधेयक मांडले. इंधनाच्या पुनर्प्रक्रियेसाठी लागणारा परवाना सुलभ करणे हा त्याचा हेतू होय. सदर विधेयक नेमके काय बदलू पाहते आणि त्यामुळे मूळ अडचण कितपत दूर होऊ शकेल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

एका व्याख्येतील बदल :

अणुभट्टीतून बाहेर काढलेल्या इंधनात साधारणतः ९५ टक्के युरेनियम व एक टक्का प्लुटोनियम असते. उरलेला भाग मुख्यतः विखंडनातून निर्माण झालेल्या किरणोत्सारी द्रव्यांचा असतो. प्रचलित ‘प्युरेक्स’ पद्धतीत इंधनकांड्यांचे तुकडे करून इंधन नायट्रिक आम्लात विरघळवितात आणि सेंद्रिय द्रावकाच्या साहाय्याने युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढतात. फ्रान्समधील ला आग येथील संयंत्र याच तत्त्वावर चालते. या पद्धतीत शुद्ध प्लुटोनियम हाती येते, आणि तेच अण्वस्त्राचे द्रव्य आहे. याउलट वितळलेल्या क्षारांत विद्युतप्रवाह सोडून केल्या जाणाऱ्या प्रक्रियेत प्लुटोनियम हे नेप्च्युनियम, अमेरिसियम इत्यादी युरेनियमोत्तर मूलद्रव्यांसह मिश्र स्वरूपात निघते.

अमेरिकेच्या १९५४ च्या अणुऊर्जा कायद्यात ‘उत्पादन सुविधा’ अशी एक संज्ञा आहे. पुनर्प्रक्रिया संयंत्र तिच्यात मोडते. परिणामी त्यास नियमावलीच्या भाग ५० अन्वये, म्हणजे प्रामुख्याने अणुभट्ट्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या नियमांनुसार, परवाना घ्यावा लागतो. आधी बांधकामाची परवानगी व नंतर चालविण्याचा परवाना, असा हा दुहेरी मार्ग आहे. प्लुटोनियम अन्य युरेनियमोत्तर मूलद्रव्यांपासून वेगळे न करणारे संयंत्र या संज्ञेतून वगळावे, असे विधेयक सुचविते. तसे झाल्यास त्यास इंधननिर्मितीच्या कारखान्यांप्रमाणे भाग ७० लागू होईल. रासायनिक स्वरूपाच्या कारखान्यास भट्टीचे निकष लावण्यात फारसे तर्कशास्त्र नाही, हे मान्य करावे लागेल.

खरा वाद ‘वेगळे न करणारे’ या शब्दांच्या अर्थाभोवती आहे. विखंडनजन्य द्रव्ये काढून टाकलेल्या अशा मिश्रणाचा किरणोत्सार चोरास दूर ठेवण्याइतका तीव्र राहत नाही, असा अण्वस्त्रप्रसारविरोधी अभ्यासकांचा आक्षेप आहे. एक मीटर अंतरावर ताशी एक सिव्हर्ट एवढी मात्रा असलेले द्रव्य ‘स्वसंरक्षित’ मानण्याची पद्धत आहे. हे मिश्रण त्या पातळीच्या बरेच खाली राहते. शिवाय मिश्रणातून प्लुटोनियम वेगळे काढणे हे अख्ख्या इंधनातून ते काढण्याच्या तुलनेत सोपे आहे. म्हणजे कायद्यातील सीमारेषा रसायनशास्त्रातील सीमारेषेइतकी ठळक नाही. विधेयकाच्या समर्थकांनी या मुद्द्याचे उत्तर अधिक विस्ताराने द्यावयास हवे होते.

संकोचाची पार्श्वभूमी :

या सावधगिरीच्या मुळाशी भारताचाही संबंध आहे. १९७४ च्या पोखरण चाचणीसाठीचे प्लुटोनियम तुर्भे येथील ‘सायरस’ भट्टीत तयार झाले व तेथीलच पुनर्प्रक्रिया संयंत्रात वेगळे करण्यात आले. कॅनडाने दिलेल्या भट्टीचा व अमेरिकेने पुरविलेल्या जड पाण्याचा हा उपयोग वॉशिंग्टनला धक्कादायक वाटला. एप्रिल १९७७ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी व्यापारी पुनर्प्रक्रिया अनिश्चित काळासाठी स्थगित केली. त्यामुळे दक्षिण कॅरोलायनातील बार्नवेल येथील संयंत्रात वापरलेल्या इंधनावर कधीच प्रक्रिया झाली नाही.

परंतु सारा दोष कार्टर यांच्या माथी मारणे इतिहासाला धरून नाही. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९८१ मध्येच ही स्थगिती उठविली. त्यानंतरची चार दशके खासगी भांडवल पुढे आले नाही. नियामक आयोगाने पुनर्प्रक्रियेसाठी स्वतंत्र नियम करण्याचे हाती घेतलेले काम २०२१ मध्ये सोडून दिले, तेही उद्योगाकडून पुरेशी मागणी नसल्याने. खाणीतील युरेनियम स्वस्त असताना पुनर्प्रक्रियेचे इंधन महाग पडते, हे कारण परवान्याच्या क्लिष्टतेपेक्षा मोठे आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या २००३ च्या अहवालानेही इंधन एकदाच वापरण्याच्या मार्गालाच पसंती दिली होती. अलीकडे मात्र चित्र काहीसे बदलले आहे. ओक्लो या कंपनीने २०२५ मध्ये टेनेसी राज्यात पुनर्प्रक्रिया केंद्राची योजना जाहीर केली.

वेस्ट व्हॅलीचा अनुभव :

अमेरिकेत प्रत्यक्ष चाललेले एकमेव व्यापारी पुनर्प्रक्रिया संयंत्र न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट व्हॅली येथे होते. १९६६ ते १९७२ या काळात तेथे सुमारे ६४० टन इंधनावर प्रक्रिया झाली. विस्तारासाठी ते बंद करण्यात आले. पुढे भूकंपरोधक व अन्य सुरक्षाविषयक अटी कडक होताच खर्च परवडणार नाही, असे सांगून कंपनीने १९७६ मध्ये अंग काढून घेतले. भूमिगत टाक्यांतील सुमारे सहा लाख गॅलन अतिकिरणोत्सारी द्रव मागे राहिला. १९८० मध्ये अमेरिकन काँग्रेसला त्याच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. टाक्यांतील द्रव काचेत बंदिस्त करण्याचे काम २००२ मध्ये संपले. स्थळाची स्वच्छता अद्याप चालूच आहे. सहा वर्षांच्या उत्पादनासाठी पन्नास वर्षांची निस्तरानिस्तर, आणि तीही करदात्यांच्या पैशातून!

या अनुभवाच्या संदर्भात विधेयकातील एक उणीव लक्षणीय ठरते. परवाना कोणत्या भागाखाली द्यावा, हे ते सांगते; संयंत्र बंद पडल्यास त्याच्या निर्मूलनाचा भार कोणी वाहावा, या प्रश्नाला ते नव्याने हात घालत नाही. पुनर्प्रक्रियेनंतरही उरणारी विखंडनजन्य द्रव्ये कोठेतरी पुरावीच लागतील, आणि त्यासाठी कायद्याने निश्चित केलेले स्थळ आजही १९८७ मधील युक्का पर्वत हेच आहे.